सुबक आणि मजबूत

सोळाव्या वर्षी मी जितकी हुशार होते तितकी पुढं कधी झाले नाही. आता सत्तरी ओलांडली, दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिलाय, तरी त्या पोरीची आठवण आली की मला हसू येतं आणि त्याच वेळी तिच्या एक मुस्काटात द्यावीशी वाटते. लाल रिबिनीनं वर बांधलेल्या दोन वेण्या, पोलक्याच्या गळ्याला अडकवलेलं शाईचं पेन, आणि साध्या बोलण्यात मध्येच 'सबब' आणि 'सदरहू' टाकायची खोड. आत्याकडे विंझरला राहून मी सातवी पास झाले होते. आमच्या वाडीत सातवी झालेली मी पहिली मुलगी. मुलगेही फार झाले होते असं नाही. कुणाला तलाठ्याकडे अर्ज करायचा असो, पुण्याला हमाली करणाऱ्या लेकाला पत्र घालायचं असो, माणसं आमच्या पडवीत येऊन बसत आणि मी जेवत असले तर माझं जेवण होईपर्यंत थांबत. कारभारी मंडळी थांबतायत म्हटल्यावर मी भाकरी आणखी सावकाश खायची. इतकी मी वाईट होते.

घर आमचं डोंगराच्या उतरणीला, खाली ओढा, ओढ्याच्या पल्याड वेल्ह्याकडे जाणारा रस्ता. घरात आबा, आई, थोरला दादा आणि दादाची बायको शेवंतावयनी. वयनी भोंगवलीची, म्हणजे सपाटीवरची. लग्न होऊन आली तेव्हा आमची चढणीची वाट बघून म्हणाली होती, "हितं मान्सं ऱ्हात्यात का शेरडं?" मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, तरी रीतीप्रमाणे ती मला 'वन्सं' म्हणायची, आणि असं काही लांबवून म्हणायची की त्यात मान किती आणि थट्टा किती ते कळू नये. पाऊस लागला की ओढ्याला लोंढा यायचा आणि पाण्याखालून धोंडे गडगडत जायचे. माळ्यावर कुणीतरी पाटा ओढत चाललंय असा तो आवाज. आम्हाला तो आवाज नसला तर चुकल्यासारखं व्हायचं, वयनीला मात्र त्या आवाजानं पहिले दोन पावसाळे जेवण गेलं नाही. तिसऱ्या पावसाळ्यात ती माझ्याबरोबर ओढ्याच्या कडेला खेकडे धरायला आली. पहिल्या खेकड्यानं तिचं बोट धरलं तेव्हा तिनं खेकड्याला त्याच्या आईवरून जे काही ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही, नातवंडं वाचतात. पण नांग्या पाट्यावर ठेचून, रस गाळून, त्यात तांदळाचं पीठ लावून तिनं केलेल्या कालवणाला आईसुद्धा नावं ठेवू शकली नाही, आणि आई देवाच्या नैवेद्यालाही नावं ठेवायची.

दुपारी भांडी घासून झाली की मी वयनीला सही शिकवायची. पाटीवर 'शेवंता' लिहून द्यायची आणि ती जीभ बाहेर काढून गिरवायची. 'श'ची गाठ तिला जमत नसे. "वन्सं, ह्ये अक्षार हाय का जिलबी?" म्हणायची. दिवाळीपर्यंत तिला सही येऊ लागली. आता सही करायला कुठंतरी मिळालं पाहिजे, एवढंच राहिलं.

भाताची झोडणी झाली आणि बापूसाहेब आमच्या घरी आले. बापूसाहेब तेव्हा पंचायत समितीत सभापती. त्यांचं खरं नाव घालत नाही. त्यांचा नातू वकील आहे आणि माझ्या पेन्शनीत वकील परवडत नाही. पांढरंशुभ्र धोतर, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा, आणि माणसाच्या खांद्यावर हात ठेवून बोलायची पद्धत. आबांच्या खांद्यावर त्या दिवशी हात पडला आणि आबा पुढं महिनाभर त्या खांद्यानं जरा तिरके चालत होते. सोबत एक कंत्राटदार आणि एक कारकून. आईनं कोंबडा कापला, वयनीनं वाटण केलं, आणि बापूसाहेबांनी तिसरी भाकरी मागून घेतली तेव्हा आमच्या घराला काय झालं विचारू नका, जणू गावचा देवच जेवायला उतरला होता.

जेवणानंतर त्यांनी आबांचा एक जुना अर्ज चाळायला घेतला. "ह्ये अक्षर कुनाचं?"

"माझं," मी म्हटलं. दाराआडून नव्हे, चांगली पुढं होऊन.

"छापल्यावानी हाय. अशी पोरगी आमाला बालवाडीला पायजे, बाई म्हून." मग कंत्राटदाराकडे बघून, "काय वो? ह्यांच्याकडनंच लिवून घेऊ की."

ओढ्यावर साकव मंजूर झाला होता. पावसाळ्यात माणसं वाहून जाऊ नयेत म्हणून लोखंडी खांबांवर फळ्या टाकलेला, दोन माणसं जेमतेम शेजारी चालतील असा पूल. मंजूर झाल्याचं आम्हाला त्या दिवशीच कळलं. बापूसाहेब सांगत गेले, मी लिहीत गेले: ग्रामस्थांच्या वतीने लिहून देण्यात येते की, सदरहू ओढ्यावरील साकवाचे काम पूर्ण झाले असून... इथं माझं पेन थांबलं.

"पण साकव कुठाय?"

बापूसाहेब रागावले नाहीत. हसले, आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू इतक्या वर्षांत हीच काय ती शहाणी भेटली. "हुशार हायेस म्हून तुला सांगतो, ह्यांना न्हाई कळायचं. सरकारी काम भाताच्या उलटं असतंय. भात आदी प्येरायचा, मंग कापायचा. सरकारात आदी कापणीचा कागूद धाडायचा, मंग पैसा सुटतो, मंग पेरणी. समाजलं?"

मला समजलं. इतकं समजलं की मी ते लगेच सगळ्या घराला समजावून सांगितलं. वयनी चुलीपाशी उभी होती. ती म्हणाली, "आन पैसा सुटला न् साकव आलाच न्हाई तर?"

"वयनी, त्यातलं तुला काय कळतंय?" मी म्हटलं. पाहुण्यांदेखत म्हटलं. बापूसाहेब कौतुकानं हसले, दादानं वयनीकडे डोळे वटारले, आणि ती भांडी उचलून आत गेली.

बापूसाहेबांनी 'साकव समाधानकारक आहे' एवढंच सांगितलं होतं. मला ते अगदीच कोरडं वाटलं. आत्याच्या घरी पुस्तकात वाचलेला शब्द होता एक, तो कधीपासून वापरायला मिळत नव्हता. मी आपल्या मनानं घातलं: 'साकव अत्यंत सुबक व मजबूत आहे.' वाचून दाखवलं तेव्हा बापूसाहेब म्हणाले, "वा!" तो 'वा' मी पुढं कितीतरी दिवस झोपताना आठवत होते. मग मी स्वतः घरोघर फिरून अंगठे घेतले. कुणी विचारलं की भात आणि कापणीचं सांगायची, आणि लोक मान डोलवायचे, कारण सातवी पास पोरगी सांगत होती. शेवटी वयनीला ओढून आणलं. सगळ्यांचे अंगठे, आणि खाली एकच सही असली की माझ्या शिकवण्याचा उजेड पडणार होता. तिनं जीभ बाहेर काढून 'शेवंता' लिहिलं. 'श'ची गाठ पहिल्या झटक्यात बसली.

माझी नात म्हणते, आजी, तुम्ही माहितीचा अधिकार का नाही टाकलात? बाळा, आमच्याकडे माहिती होती. साकव नाही ही माहिती आम्हाला रोज उठल्यावर दिसत होती. आता तर कागदसुद्धा मोबाईलवर असतात आणि पुराव्याला फोटो लागतो. गेल्या वर्षी मी आमच्या शाळेच्या संरक्षक भिंतीचा फोटो बघितला. फार छान भिंत. शेजारच्या गावची आहे.

पुढच्या पावसाळ्यात लावणी चालू असताना वयनीला घोणस चावली. भर दुपार, पण आभाळ असं खाली आलेलं की कंदील लावावा. अंगावर इरलं, वाकून रोपं लावणाऱ्या बायांची रांग, आणि मधूनच वयनीचा आवाज, "अगं बया," एवढाच. दादानं पाय बांधला, घोंगडीची झोळी करून वाशाला अडकवली आणि चौघांनी पळत ओढ्यापर्यंत आणली. पल्याड गेलं की रस्ता, रस्त्यावर एसटी, एसटीनं वेल्ह्याचा दवाखाना असा कितीसा लांब! पण ओढा दोन पुरुष उंच चालला होता. दादानं कमरेला सोल, म्हणजे जाड दोर, बांधून दोनदा उडी घातली, दोन्ही वेळा पाण्यानं त्याला अल्याडच फेकलं. तेवढ्यात पल्याड एसटी आली. ड्रायव्हरनं झोळी बघितली आणि गाडी थांबवली. कंडक्टर उतरला, मागनं माणसं उतरली, सगळी काठावर येऊन उभी राहिली. ते काही ओरडत होते, आम्ही काही ओरडत होतो, पाण्यापुढं काही ऐकू येत नव्हतं. गाडी पाऊणेक तास थांबली असेल. एका बाईनं तिकडून लुगड्याचा पदर सोडून आमच्याकडे टाकायला बघितला, तो तिच्याच पायाशी पडला. कुठं लुगड्याचा पदर आणि कुठं तो ओढा. पण एवढ्या वर्षांत त्या साकवासाठी खरोखर काही केलेली ती एकच व्यक्ती मला माहीत आहे.

वयनी शुद्धीवर होती. हिरड्यांतून रक्त येत होतं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ते पुसत होते. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "वन्सं, तुमचा साकव कुटं ठिवलाय?" थट्टाच होती. आम्ही दोघी एकमेकींशी दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं बोललोच नव्हतो. एसटी निघून गेली त्यानंतर थोड्या वेळानं ती गेली. पाणी दुसऱ्या दिवशी उतरलं.

तेरावं झाल्यावर दादा माझ्यापुढं कागद घेऊन बसला. "लिव," म्हणाला. मी लिहिलं. पहिल्यांदाच मी 'सबब' न घालता अर्ज लिहिला. साकव झालेला नाही, चौकशी व्हावी, जबाबदार असतील त्यांना शिक्षा व्हावी. दादा तो अर्ज घेऊन चालत भोरला, तिथून पुण्याला, पाच-सहा वेळा गेला. पायाला फोड घेऊन यायचा. आबा म्हणायचे, जाऊ दे रं. तो म्हणायचा, "कुनीतरी म्हनलं पायजे की आमच्यामुळं मेली. एकानं म्हनावं. मंग मी बसतो गप."

थंडीत चौकशीचे साहेब आले, सोबत फाईल. साहेब भला माणूस होता, ओढ्यावर जाऊन, जिथं साकव नव्हता तिथं बराच वेळ उभा राहून आला. मग आमच्या पडवीत बसून फाईल उघडली आणि मोठ्यानं वाचलं, "अत्यंत सुबक व मजबूत."

सगळी वाडी जमली होती.

"हे अक्षर कुणाचं?" साहेबांनी विचारलं. वर्षभरात दुसऱ्यांदा विचारला गेलेला हा प्रश्न. या वेळी मी दाराआड होते. दादानं कागद हातात घेतला. त्याला वाचता येत नव्हतं, पण खाली अंगठ्यांच्या गर्दीत एक सही होती आणि ती त्याला ओळखता आली. पाटीवर रोज बघितली होती त्यानं. त्यानं तिच्यावर बोट ठेवलं, आणि ते तसंच ठेवून राहिला.

साहेब म्हणाले, "साकव झाल्याचं गावानं लिहून दिलंय. वाहून गेला असेल तर त्याचा पंचनामा हवा. पंचनामा नाही, म्हणजे वाहून गेला नाही. म्हणजे आहे."

"पर सायेब, तुमी आत्ता बघून आलात की!"

"मी बघितलं," साहेब म्हणाले. "कागदावर काय लिहू?" आणि उठता उठता त्यांनी आणखी एक सांगितलं, त्यात दुष्टावा नव्हता. एका ओढ्यावर एकाच जागी दुसरा साकव मंजूर होत नाही.

आता माझ्या गावानं जे केलं ते आमच्याच गावानं करावं. शहरातला माणूस असता तर वकील गाठला असता. आम्ही म्हणालो, कागद खोटा असंल, पर देव खोटा न्हाई. बापूसाहेबांना भैरोबाच्या देवळात बेलभंडारा उचलायला लावायचा. आमच्याकडे रीत अशी, की देवापुढं ताटात बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा ठेवायचा, ज्याच्यावर आळ आहे त्यानं तो ओंजळीत उचलून बोलायचं. खोटं बोलला तर देव बघून घेईल. पण एकदा त्यानं उचलला की गावानं त्या गोष्टीबद्दल पुन्हा तोंड उघडायचं नाही. उघडलं तर तो देवावर अविश्वास. सगळ्यांची खात्री, की तो उचलणारच नाही. माझी तर इतकी खात्री की मी आदल्या दिवशी डोक्यावरून न्हाले.

बापूसाहेब आले. वहाणा काढल्या, हातपाय धुतले, आमच्यापेक्षा जास्त वाकून नमस्कार केला आणि ताटातला भंडारा असा उचलला, जसा आपण पाहुण्याकडचा पानाचा विडा उचलतो. "साकवाच्या कामात मी कुनाचं वाईट केलं असंल, तर भैरोबा माजं वाटोळं करू." खणखणीत आवाज. मग भंडारा परत ताटात ठेवून ते माझ्याकडे वळले. "आता ह्या पोरीनं उचलावा. सांगावं, की बापूसायबांनी जोर करून लिवून घ्येतलं. मी आत्ता हितं मान खाली घालतो."

गुरवानं ताट माझ्यापुढं केलं. दादा माझ्या समोर उभा होता. मी हात पुढं केला. हळदीचा वास आला, बेलाचं पान बोटाला लागलं. जोर केला होता का? मी तर पुढं होऊन 'माझं' म्हटलं होतं. 'सुबक' माझा, 'मजबूत' माझा, अंगठे मी गोळा केले, त्या 'वा'वर मी महिनाभर झोपले. देव सगळं बघतो असं मला वाटत होतं, आणि त्या देवळात असं वाटणारी मी एकटीच होते. मी हात मागं घेतला.

झालं. ताट आत गेलं. बापूसाहेबांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला, "पोरगी ल्हान हाय, माफ करून टाका," म्हणाले आणि प्रसाद खाऊन जीपकडे गेले. त्या दिवसापासून वाडीत साकवाचा शब्द कुणी काढला नाही. रीत म्हणजे रीत.

मग मी वाट बघू लागले. बापूसाहेबांचा बैल मेल्याचं कळलं, मी मनात साखर वाटली. त्यांना पडसं झालंय म्हणे, मी म्हटलं, सुरुवात झाली. पडसं बरं झालं. पुढं ते जिल्ह्याचे झाले, पुढं आणखी वर गेले, भाटघरच्या बाजूला धरणाचं पाणी दिसेल असा बंगला बांधला, आणि नव्वदीला टेकून, दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाहीत. माणसं म्हणाली, असं मरण भाग्यवंताला. बाजारपेठ बंद होती. मला बाम घ्यायचा होता, तो मिळाला नाही. तेवढाच त्यांनी मला दिलेला शेवटचा त्रास.

देवळानंतर पंधरवड्यानं माझ्या नावाचं पाकीट आलं. बालवाडीवर नेमणूक. बापूसाहेबांनी शब्द पाळला होता, हेच मला सगळ्यात भयंकर वाटलं. मी म्हटलं, मी नाही जायची. आई चुलीपाशी बसून रडली. त्या वर्षी दादाचे हेलपाटे, तेरावं, अर्ध्यात राहिलेली लावणी, घरात काही उरलं नव्हतं. दादानं पाकीट उचलून माझ्या हातात दिलं.

"जा," म्हणाला. आणि मग, "तवा उचलाय पायजे हुता तू भंडारा."

"दादा, खोटं झालं असतं त्ये."

"व्हय. खोटं. त्यानं उचलला तसाच." तो अंगणाकडे बघत बोलत होता. "तिच्यासाटनं एक खोटं बोलली असतीस, तर काय झालं असतं गं?"

भैरोबाबद्दल मला जी माहिती आहे तिच्यावरून सांगते, काहीही झालं नसतं.

सोमवारी मी रुजू झाले. बालवाडी पल्याडच्या गावठाणात होती, ओढा उतरूनच जावं लागे. पावसाळ्यात लोंढा आला की मी अल्याड बसून राही, पोरं तिकडे वाट बघून घरी जात. महिन्याला हजेरीपत्रक तालुक्याला पाठवायचं असे, आणि गैरहजेरीपुढं कारणाचा रकाना. पहिल्या वर्षी मी खरं कारण लिहिलं. पत्रक परत आलं, लाल शाईनं खूण करून: सदर ठिकाणी साकव उपलब्ध आहे. तेव्हापासून सिमेंटचा पूल येईपर्यंत, आणि तो मी निवृत्त झाले त्या साली आला, वरच्या अंगाला पुणेकरांची फार्महाऊसं झाली म्हणून, मी दर पावसाळ्यात त्या रकान्यात वळणदार अक्षरात 'प्रकृती अस्वास्थ्य' असं लिहीत आले. तालुक्यात माझी नोंद एक अत्यंत आजारी बाई म्हणून आहे.